आमचा पाट त्यांच्याकडेच असतो

श्रावण जवळ आला की सिंधुदुर्गातल्या गणपतीच्या शाळांमध्ये पाट यायला लागतात. शाळा म्हणजे मूर्तिकाराची चित्रशाळा. बहुतेक वेळा ती घराची पडवी असते, नाहीतर ताडपत्री लावून वाढवलेला मांगर. आणि पाट म्हणजे ज्यावर मूर्ती बसायची ती घरची लाकडी फळी. काही गावांत तो नागपंचमीला पोचवतात, काही ठिकाणी त्याच्याही आधी. पाटावर खडूने किंवा रंगाने घराचं नाव घातलेलं असतं. मूर्ती त्याच पाटावर घडते, पाटासकट घरी येते, आणि विसर्जनानंतर पाट धुऊन माळ्यावर जातो, तो पुढच्या वर्षी पुन्हा त्याच शाळेत जाण्यासाठी. आजोबांनी ज्या घरात पाट दिला, त्याच घरात नातू देतो. मुंबईला नोकरीत असलेला चाकरमानी फोनवर एवढंच विचारतो, "पाट पोचलो मा?"

या व्यवहारात जाहिरात नाही, सवलत नाही, कित्येकदा दुकानाची पाटीही नाही. तरी मूर्तिकाराला चतुर्थीच्या महिनाभर आधी पक्कं माहीत असतं की यंदा मूर्ती किती, कुणाची केवढी, कुणाच्या घरी सिंहासनावरची आणि कुणाच्या घरी साधी बैठकीची. माती किती भिजवायची, रंग किती आणायचे, मदतीला कोण लागेल, हे सगळं त्यावरून ठरतं. आधी गिऱ्हाईक, मग माल, हा क्रम हाताने वस्तू करणाऱ्याच्या नशिबी फार क्वचित येतो. एरवी त्याला आधी माल करावा लागतो आणि मग तो घ्यायला कुणी येतं का, याची वाट पाहावी लागते.

कुंभार, बुरूड, तांबट, चपला करणारे, हातमागवाले, आणि अलीकडे घरच्या घरी साबण, मेणबत्त्या किंवा क्रोशाच्या वस्तू करणाऱ्या मुली, या सगळ्यांची अडचण एकच असते. एकदा घेतलेला माणूस परत कसा येईल? यावर बाजारात सल्ल्यांचा पाऊस आहे. रील टाका, पॅकिंग सुधारा, कार्ड द्या, दहा टक्के सोडा. कोकणातला पाट मात्र वेगळंच काही दाखवतो. गिऱ्हाइकाची एखादी गोष्ट कारागिराकडे राहिली की माणूस परत येतो. ती लाकडी फळीच असायला हवी असं नाही. पायाचं माप असेल, दुरुस्तीला आलेलं भांडं असेल, मुलीच्या लग्नाची तारीख असेल.

"माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येतं" असं आपण सगळेच म्हणतो. कारागिराच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे. माल चांगला असला तर गिऱ्हाईक उशिरा येतं! बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची, हाताने शिवलेली कोल्हापुरी चप्पल नीट वापरली तर वर्षानुवर्षं चालते. तांब्याचा हंडा तर तीन पिढ्या. प्लास्टिकची बादली विकणाऱ्याला दर दोन वर्षांनी तोच माणूस पुन्हा भेटतो, कारण बादलीचा कान तुटतो. उत्तम काम करणाऱ्याला मात्र त्याच्या उत्तमपणाचीच शिक्षा होते. माणूस खूश होऊन जातो आणि इतक्या वर्षांनी उगवतो की तोवर दुकानही विसरलेलं असतं.

म्हणून खरेदी आणि खरेदी यांच्या मधल्या काळात त्या माणसाला यायला काहीतरी निमित्त हवं. आपल्याकडे अशी निमित्तं पूर्वीपासून दोन आहेत, सण आणि दुरुस्ती.

जुन्या गावगाड्यात या दोन्ही गोष्टी मुळातच बांधलेल्या होत्या. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात बलुतेदारीचं तपशीलवार वर्णन आहे. सुताराने वर्षभर औतं नीट ठेवायची, लोहाराने फाळ शेवटून द्यायचे, कुंभाराने मडकी पुरवायची आणि सुगी झाली की खळ्यावर आपला धान्याचा वाटा घ्यायचा. आजच्या भाषेत ही वार्षिक वर्गणीच, दुरुस्तीसकट. पण त्या व्यवस्थेबद्दल गहिवरून यायचं काही कारण नाही. तिथे गिऱ्हाईक टिकायचं ते जातीच्या बंधनामुळे. कारागिराला दुसरा धंदा नव्हता, वाटा किती मिळणार ते त्याच्या हातात नव्हतं, आणि महार, मांग, चांभार यांच्या वाट्याला कामाबरोबर अपमानही ठरलेला असायचा. डॉ. आंबेडकर महार वतनाविरुद्ध लढले ते उगाच नाही. महार वतनासारखी गावची कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, हे चांगलंच झालं. त्या गाड्यातून आज उचलण्यासारखी गोष्ट एवढीच, की हिशेब एका वस्तूचा नसून एका घराचा असायचा.

तो घराचा हिशेब कुंभाराच्या बाबतीत मांडून पाहण्यासारखा आहे. मराठी घराला वर्षभरात मातीची भांडी किती वेळा लागतात? संक्रांतीला सुगडं. उन्हाळ्याच्या तोंडाला माठ. खानदेशात आखाजीला घागर. पोळ्याला, आणि कोल्हापूर-सांगलीकडे बेंदराला, मातीचे बैल. नवरात्रात घट. दिवाळीत पणत्या आणि बोळकी. यातली बरीचशी भांडी दर वर्षी नवीच लागतात, जुनी चालत नाहीत. म्हणजे टिकाऊ मालाची अडचण इथे धर्मशास्त्रानेच सोडवून ठेवली आहे. आता नमुन्यादाखल आकडे धरा. एक घर माठाचे ३००, सुगडांचे १००, घटाचे १०० आणि पणत्या-बोळक्यांचे २०० असे वर्षाला ७०० रुपये देतं. अशी ३०० घरं बांधलेली असली की वर्षाचे २,१०,००० रुपये झाले, आणि तेही साधारण कधी येणार हे माहीत असलेले. ३०० घरं म्हणजे फार नव्हे, मोठ्या सोसायटीच्या चार-पाच इमारती. याउलट, संक्रांतीला सुगडं एका हातगाडीवरून, माठ रस्त्याकडेच्या परप्रांतीय ढिगातून आणि पणत्या सुपरमार्केटातून घेणारी तीच ३०० घरं प्रत्येक वेळी नवं गिऱ्हाईक असतात. पैसा तेवढाच फिरतो, पण कुणाच्याच हाती धरून राहत नाही.

हे बांधायचं कसं? इथे कारागीर एक चूक हमखास करतात. सण आला की ते वस्तू विकतात, पण पुढचा सण बोलत नाहीत. संक्रांतीला सुगडं बांधून देतानाच "वहिनी, होळीच्या सुमाराला माठ येतात, लाल की काळा?" असं विचारलं आणि उत्तर वहीत लिहिलं, की पाट ठेवून घेतला. मग फेब्रुवारीच्या शेवटी एक निरोप: तुमचा काळा माठ काढून ठेवलाय. यात विक्रीची घाई नाही, पण त्या घरातला माठ आता दुसरीकडून यायची शक्यता कमी झाली. माठ देताना पहिले दोन-तीन दिवस नुसतं पाणी भरून ठेवायचं आणि ते ओतून द्यायचं, बाहेरून साबण लावायचा नाही, कारण छिद्रं बुजली की पाणी झिरपत नाही आणि गार होत नाही, एवढं सांगितलं तर निम्म्या तक्रारी येतच नाहीत. हे न सांगितल्यामुळे किती माठ "तुमच्या माठात पाणी गारच होत नाही" म्हणून बदनाम झाले असतील कोण जाणे.

निरोपासाठी हल्ली व्हॉट्सॲप आहे. त्यात एक बारकी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ब्रॉडकास्ट यादीवरून पाठवलेला संदेश, ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच पोचतो. २५० जणांचे नंबर आपण गोळा केले आणि त्यातल्या ४० जणांनीच आपला ठेवला असेल, तर निरोप ४० जणांनाच. तेव्हा नंबर मागण्यापेक्षा आपला द्यावा आणि समोरच्याला तिथल्या तिथे साठवायला लावावं, "कुंभार, माठ" असा. आणि संदेश वर्षातून सहा-सात, सणाच्या आठ-दहा दिवस आधी. रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवणाऱ्या दुकानदाराला लोक गप्प करून ठेवतात, मग त्याचा कामाचा निरोपही बुडतो.

दुसरं निमित्त दुरुस्तीचं. मला विचाराल तर सणापेक्षा हे मोठं, आणि जास्त दुर्लक्षित.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तिथे तांब्याचं काम चालतं. पत्र्याला आकार दिला की घडाईच्या हातोडीने त्यावर ठोके घालून तो मठारतात. त्या ठोक्यांनी धातू घट्ट होतो आणि अंगावर ती ओळखीची चमकती खवल्यांची नक्षी उठते. बंब, हंडे, घागरी, पातेली. या भांड्यांना स्वयंपाकात वापरायचं तर आतून कल्हई हवी. नाहीतर चिंच, ताक, आमसूल अशा आंबट पदार्थांनी धातू सुटतो आणि अन्न कळकतं. कल्हईचं काम पाहण्यासारखं असतं. भांडं घासून भट्टीवर तापवतात, आत नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर उसळतो, मग कथलाची कांडी टेकवतात. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं, त्यामुळे तापलेल्या भांड्यावर ते क्षणात पाण्यासारखं होतं. कापसाच्या बोळ्याने ते सर्रकन सगळीकडे फिरवलं की काळंतांबूस भांडं आतून चांदीसारखं उजळतं, आणि पाण्यात बुडवताना चर्र आवाज होतो. दोन-चार मिनिटांचा खेळ. पण वापराप्रमाणे ती कल्हई झिजते, आणि पुन्हा करावीच लागते.

पूर्वी कल्हईवाला आरोळी देत वाड्यात यायचा, चौकात भट्टी मांडायचा आणि सगळ्या बिऱ्हाडांची भांडी एकदम व्हायची. स्टेनलेस स्टीलने तो व्यवसाय बुडवला. आता तांब्या-पितळेची भांडी पुन्हा घरात येऊ लागली आहेत, हौसेने, महागात. पण ती विकणारे बहुतेक जण कल्हईची गोष्टच काढत नाहीत. परिणाम असा की दीड वर्षाने आतून तांबडं दिसू लागलेलं पातेलं शोकेसमध्ये जातं, आणि "दिसायला छान, वापरायला कटकट" असं मत होऊन घरातली पुढची खरेदी तिथेच थांबते. जो विक्रेता भांड्याच्या बुडाशी छोटीशी तारीख कोरून देईल आणि "दसऱ्याच्या आधी रविवारी कल्हईवाला बसवतो, भांडी घेऊन या" असं दर वर्षी सांगेल, त्याच्या दारात त्या दिवशी जुनी भांडी घेऊन माणसं उभी राहतील. आणि दारात उभा राहिलेला माणूस नव्या भांड्यांकडे बघतोच.

चपलेचंही तेच. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या, श्रेय आधी दिलं नव्हतं, आणि आठवडाभर देशात गदारोळ झाला. मानांकन हवंच, रेक्झिनच्या नकली चपलांपुढे त्याचा उपयोग आहे. पण मानांकन जिल्हा सांगतं, माणूस सांगत नाही. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला पर्यटक चप्पल घेऊन गावी जातो, त्याच्या लेखी ती "कोल्हापूरची चप्पल" असते, अमक्याची नव्हे. अंगठा तुटला तर तो परत येणार नाही, कोपऱ्यावरच्या मोच्याकडे जाईल, आणि तो मोची तिला काळ्या नायलॉनच्या दोऱ्याने टाके घालील.

गावातल्या गिऱ्हाइकाशी मात्र कारागिराला फार काही करता येतं. नवी चप्पल चावते, हे सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा विकतानाच "आठ दिवस वापरा, चावली तर घेऊन या, सैल करून देतो" म्हणावं. आठ दिवसांनी माणूस येतो, तेल लावून पट्टा ओढून दिला की पाच मिनिटांत काम होतं. ही दुसरी भेट फुकट वाटते, पण पहिल्या विक्रीपेक्षा तिची किंमत जास्त, कारण इथून पुढे ती त्याची दुकानाशी ओळख झाली. वर्षभराने टाच झिजते, अंगठा सैल होतो. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने काढलेली दोन्ही पावलांची रूपरेषा, नाव आणि तारीख घालून, जर वहीत जपून ठेवली असेल, तर पुण्याला गेलेला मुलगा फोनवर सांगतो, "लग्नासाठी एक जोड करा, माप आहेच तुमच्याकडे." डावं पाऊल उजव्यापेक्षा किंचित मोठं असणं फारच सामान्य आहे, आणि तयार जोड विकणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळाला ते त्या माणसापुरतं माहीत नसतं. गावोगावच्या शिंप्यांच्या ब्लाउजच्या मापवह्या हा याचाच जुना नमुना. बाई टेलर बदलायला कशी तयार नसते ते पाहिलंच असेल, मग तो दिवाळीत कितीही चुकीच्या तारखा देवो.

नवं घर मिळवायचं तर आपल्याकडे एक खास वाट आहे, तिच्याकडे व्यवसायाच्या नजरेने फारसं कुणी बघत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू. एक बाई तीस-चाळीस जणींना वाण लुटते, म्हणजे एका ऑर्डरमध्ये कारागिराची वस्तू त्याच परिसरातल्या तीस-चाळीस घरांत जाते, आणि तीही ओळखीच्या बाईच्या हातून. यापेक्षा चांगली शिफारस कुठे मिळणार? अडचण अशी की वाणाला लोक स्वस्तातलं मागतात, आणि कारागीर त्या भावात बसवायला वस्तू हलकी करतो. पातळ, कच्ची भाजलेली मातीची वाटी चाळीस घरांत गेली की चाळीस घरांत आपली बदनामीही जाते. त्यापेक्षा वस्तू लहान करावी. बुरुडाने मोठी टोपली फोफशी विणून देण्याऐवजी तळहाताएवढी परडी नीट विणावी. तिच्यात चिठ्ठी हवी, नाव, ठिकाण, नंबर, आणि आपण आणखी काय करतो त्याची एक ओळ. गौरीच्या ओवशाला सुपं लागतात, लग्नात सुपल्या-परड्या लागतात, रुखवत असतं. ती परडी ज्या घरात गेली तिथे यातलं काहीतरी वर्षभरात निघणारच.

एक सूचना जागेबद्दल. आठवडी बाजारात किंवा रस्त्यावर बसणाऱ्याने जागा बदलू नये. लोकांना माणसाचं नाव आठवत नाही, "देवळासमोर पिंपळाखाली बसतात ते" आठवतं. म्हणूनच २०१४ चा पथविक्रेता कायदा कारागिरांच्याही कामाचा आहे. त्यात सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे. समित्यांचं कामकाज सगळीकडे धड चालतं असं नाही, तरी प्रमाणपत्र काढून ठेवावं. २०२३ पासूनच्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारं आणि कर्ज मिळतं, तेही घ्यावं. गिऱ्हाईक मात्र कुठल्याच योजनेत मिळत नाही.

सवलतीबद्दल माझं मत कडक आहे. ओळखीच्या माणसाला भाव उतरवून देण्यापेक्षा वस्तूबरोबर काही जास्त द्यावं. पाच सुगडांवर एक बोळकं, चपलेबरोबर तेलाची पुडी. भाव एकदा उतरला की तोच खरा भाव ठरतो, आणि पूर्वी पूर्ण पैसे दिलेल्या माणसाला आपण फसलो असं वाटतं. भाव वाढवायचा असेल तर तो जुन्या घरांना हंगामाआधी सांगावा. "चामडं महागलंय, पाडव्यापासून जोडीमागे शंभर वाढतील, हवी तर आत्ता सांगा" हे वाक्य लोकांना आवडतं, त्यांना घरातलं समजून सांगितल्यासारखं वाटतं. दुकानात आल्यावर एकदम नवा आकडा ऐकून जुनं माणूसच जास्त दुखावतं. तसंच गळका माठ परत आला तर हुज्जत नको, दुसरा द्यावा. एका माठात मातीचा आणि भाजणीचा जो काय खर्च गेला असेल तो गेला, त्या घराकडून दर वर्षी येणारे ७०० रुपये त्याहून बरेच जास्त आहेत.

आणि मोठ्या ऑर्डरीचा मोह. दिवाळीच्या तोंडावर एखाद्या कंपनीचा फोन येतो, भेटवस्तूंसाठी दोन हजार रंगवलेल्या पणत्या हव्यात. कारागीर हरखतो, घरदार रात्रंदिवस त्यावर बसतं. वसुबारसेला नेहमीची माणसं येतात तेव्हा फडताळ रिकामं असतं, आणि ती निमूट सुपरमार्केटात जातात. पुढच्या वर्षी कंपनीला दुसरा पुरवठादार चार आण्यांनी स्वस्त मिळतो, किंवा पणत्यांऐवजी सुकामेवा वाटायचं ठरतं. तेव्हा अशा फोनला लगेच हो म्हणू नये. आधी वही काढावी, आपल्या घरांच्या पणत्या मोजून बाजूला ठेवाव्यात, आणि हात किती, दिवस किती, ऊन किती हे बघून उरलेला आकडा कंपनीला कळवावा. तो दोन हजार नसून आठशे निघाला तर आठशेच सांगावा.